परसातले प्रश्न : टमाट्याचं बी जागेवरच टाकलं तर?

या खेपेला आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच भाजीची आहेत. पुस्तकात तिला टोमॅटो म्हणतात, आमच्या चोपडा तालुक्यात टमाटे. मी टमाटेच लिहिणार. चौथीच्या पोरांना तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं, आता निवृत्तीनंतर एवढी सवलत घेते.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. घरामागे अर्धा गुंठा जागा आहे, जमीन काळी. दोन वर्षं बाजारातून टमाट्याची रोपं आणून लावते. लावली की माना टाकतात, चार दिवसांत अर्धी मरतात, उरलेल्यांची पानं गोळा होतात. आणि उकिरड्यावर कोणी न लावलेलं झाड मात्र दोन घमेली टमाटे देऊन गेलं. सासूबाई म्हणतात, “तुझ्यापेक्षा उकिरड्याला जास्त कळतं.” मग मीही बी थेट जमिनीतच टाकलं तर? कधी आणि कसं टाकू?
— एक सूनबाई, अमळनेर तालुका

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या सासूबाई तर नासका टमाटा कुंपणाकडे भिरकवायच्या आणि म्हणायच्या, “ज्याले उगनं ऱ्हाई तो उगी.” त्यांचे टमाटे यायचेसुद्धा, आणि मी वाफा करून, दोरी लावून पेरलेले यायचे नाहीत. बरीच वर्षं मला त्याचा राग होता.

मग एकदा नीट बघितलं. एका टमाट्यात शंभर-दीडशे बिया सहज असतात. उकिरड्यावर वर्षभरात किती टमाटे पडले, त्याचा हिशोब करा. शेकड्यांनी बिया पडल्या, त्यातल्या कितीतरी उगवल्याच नाहीत, उगवलेल्या कोंबड्यांनी उकरल्या, शेळीने खाल्ल्या, उन्हाने वाळल्या. एक झाड उरलं आणि ते तुम्हाला दिसलं. तुम्ही बारा रोपं लावून सहा जगवली म्हणजे उकिरड्यापेक्षा तुमचा निकाल कितीतरी चांगला आहे. हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पण उकिरड्याच्या झाडाकडे एक गोष्ट होती जी तुमच्या रोपांकडे नव्हती. त्याला कोणी उपटलं नव्हतं. टमाट्याला सोटमूळ असतं. बी जिथे पडलं तिथेच वाढलं तर ते मूळ सरळ खाली जातं, भुसभुशीत जमिनीत दोन-तीन फुटांपर्यंत आणि त्याहूनही खोल. रोप उपटलं की त्याचं टोक तुटतं, मग आडव्या मुळांचा झुपका फुटतो. तो वाईट नसतो, वरचं खत-पाणी तो छान घेतो. पण वरचा थर सुकला की झाडाला ते लगेच कळतं. शिवाय रोप नव्या जागी रुळेपर्यंत आठ-दहा दिवस नुसतं उभं राहतं. बाजारातली रोपं तर उघड्या मुळांची, ओल्या गोणपाटात सकाळपासून पडलेली, तुम्ही दुपारी घरी नेऊन लावता. ती माना टाकणारच. तेव्हा घरच्या बारा-पंधरा झाडांसाठी जागेवर बी टोकायला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

आता कधी. हा अंक हातात पडेल तेव्हा गणपती विसर्जन झालेलं असेल. पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नाही असं घरात असेल तर उत्तमच, ते पंधरा दिवस जमीन तयार करण्यात घालवा. खणा, ढेकळं फोडा, चांगलं कुजलेलं, शेणाचा वास गेलेलं खत घमेल्या-घमेल्याने मिसळा. घटस्थापनेच्या आगेमागे बी टोका. टमाट्याच्या बियाला उगवायला जमीन वीस ते तीस अंश लागते, ती तेव्हा तशीच असते. पाच ते आठ दिवसांत कोंब दिसेल. घटातले गहू त्याच्या आधी येतील, म्हणून घाबरून माती उकरून बघू नका. नोव्हेंबरच्या शेवटी फुलं लागतील, तेव्हा दिवस गार आणि रात्री अजून बोचऱ्या झालेल्या नसतात. संक्रांतीच्या आसपास पहिला टमाटा तोडाल.

जागा कोणती? गेल्या वर्षी जिथे वांगी किंवा मिरची होती तिथे नको. तिन्ही एकाच कुळातली, एकीचे रोग दुसरीला आयतेच मिळतात. आपल्याकडे भरताच्या वांग्याशिवाय परस नसतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. (भरतात टमाटा घालणाऱ्यांबद्दल गेल्या वेळी एकीने विचारलं होतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त जेवायला जात नाही.)

आता खरी अडचण सांगते, ती आपली काळी जमीन. तिची ताकद मोठी, पण बारीक बियाला ती दार उघडत नाही. पाणी दिलं की चिखल, दोन दिवसांनी वर पापुद्रा, आठ दिवसांनी भेगा. मी शाळेत असताना पोरांकडून शाळेच्या बागेत टमाटे टोकून घेतले होते. प्रत्येकाची एक काडी, काडीवर नाव. हौसेने मीच रोज नळीने भरपूर पाणी घातलं. बारा दिवस झाले, एक पान नाही. मी वर्गात सांगून टाकलं की बियाणं खराब निघालं. एका पोराने खराट्याच्या काडीने आपल्या नावापुढचा पापुद्रा उचकटला आणि ओरडत आला. खाली पांढरे, वाकलेले, माना खाली घातलेले कोंब होते. डोक्याने छत ढकलून ढकलून थकलेले. काही जिवंत होते, बरेचसे कुजले होते. बियाण्याच्या दुकानदाराला मी उगाच बोल लावला होता.

तेव्हापासून मी बी काळ्या मातीने झाकतच नाही. चाळलेलं जुनं शेणखत आणि वाळू निम्मे-निम्मे मिसळते. वरंब्याच्या कुशीत, माथ्यापासून जरा खाली, बोटाने एक सेंटीमीटरची खळगी करते, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी खोल. तीत चार बिया, एकमेकींपासून सुट्या टाकायच्या आणि वर त्या मिश्रणाची चिमूट. वाळूमुळे कितीही पाणी पडलं तरी त्या जागी पापुद्रा धरत नाही. दोन झाडांत दीड-दोन फूट, दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवा. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया बसतात, तेव्हा मोठं पाकीट आणू नका.

टोकायच्या वेळी जमिनीला वाफसा हवा, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी ओल. मूठभर माती घ्या, लाडू वळा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. गोळाच राहिला तर आणखी दोन दिवस थांबा. लाडू वळलाच गेला नाही तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या. बी टोकल्यावर झारीने हलकं पाणी, तेही सकाळी. आणि हस्ताच्या पावसावर लक्ष ठेवा. सप्टेंबर संपता संपता ‘हत्ती’ एकदा तरी झोडपून जातो. ढग दिसले की ओळीवर केळीची वाळलेली पानं पसरा, पाऊस गेला की काढा. विसरलात तर कोंब पिवळे पडून लांबतील.

तुमच्या पत्रातलं ‘पानं गोळा होतात’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तो बहुतेक पर्णगुच्छ, विषाणूचा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्याला औषध नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या चारी बाजूंना कपाशी उभी असते आणि कपाशी म्हणजे पांढऱ्या माशीचं माहेर. रोपवाटिकेत निदान बारीक जाळी असते. तुम्ही जागेवर बी टाकणार म्हणजे दोन पानांचं कोवळं रोप उघड्यावर, ही या पद्धतीची सगळ्यात मोठी उणी बाजू. मी पहिल्या वर्षी मच्छरदाणी घातली होती. पांढरी माशी डासापेक्षा बारीक असते, ती मच्छरदाणीच्या भोकातून आरामात ये-जा करते, हे मला झाडं गोळा झाल्यावर कळलं. जुनं विरलेलं सुती धोतर किंवा मलमलीची ओढणी घ्या. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या रोवा, त्यावर कापड टाका, कडा मातीने दाबा. एक महिना असं झाकून ठेवलं की झाडाचं बालपण पार पडतं. मग काढून टाका, फुलं यायच्या आत नक्की. टमाट्याचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण त्याला वारा लागतो, हलणं लागतं.

पानं वळण्याचं दुसरंही एक कारण आपल्याकडे असतं, ते कोणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या फवारणी पंपाने शेतात टू-फोर-डी मारलं आणि त्याच पंपाने परसात निंबोळी अर्क. टमाटा त्या तणनाशकाला इतका हळवा आहे की पंपात उरलेला अंशही त्याला पुरतो. शेंड्याची पानं अरुंद, दोरीसारखी पिळली गेली असतील तर आधी घरातल्या माणसांना पंपाबद्दल विचारा. परसासाठी वेगळा छोटा पंप ठेवा.

कोंब आल्यावर मन घट्ट करायचं काम. प्रत्येक जागी चारातलं एकच झाड ठेवायचं आहे. दोन खरी पानं आली की दोन काढा, चार-पाच पानांवर आणखी एक. उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा, नाहीतर शेजारच्याचं मूळ हलतं आणि मग जागेवर पेरून काय मिळवलं? मला हे अजून जमत नाही. प्रत्येक वर्षी दोन-तीन जागी जुळी झाडं राहतात आणि दोघं मिळून एका झाडाएवढेच टमाटे देतात.

रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. सकाळी रोप जमिनीलगत कापून पडलेलं दिसलं तर माती दोन बोटं उकरा, राखाडी अळी वेटोळं करून बसलेली सापडते. ओलं असेल तेव्हा वाणी किडेसुद्धा कोवळे कोंब खातात. जुन्या वहीच्या कागदाची पट्टी रोपाभोवती बांगडीसारखी उभी केली, अर्धी मातीत अर्धी वर, की अळी अडते.

झाड वीतभर झालं की बुंध्याला माती चढवा. टमाट्याच्या खोडाला माती लागली की तिथे नवी मुळं फुटतात, म्हणून तर मी वरंब्याच्या कुशीत टोकायला सांगितलं. आधाराला तुराट्या किंवा बांबू लावा. गेल्या हंगामातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र वापरू नका. त्यांच्या वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, त्या घराजवळ रचून ठेवूच नयेत. बांधायला सुतळी नको, काचते. केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट भिजवून त्याच्या पट्ट्या काढा. रुंद, मऊ आणि फुकट. काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ देऊन सैल बांधा.

प्रश्न : बाई, ओळखलं नसेल, मी तुमच्याच शाळेतला. आता शिरपूरला घर बांधलंय, पुढे छोटी बाग आहे. तुम्ही सांगायच्या तसं टमाट्याचं बी जागेवर पेरलं. सहाव्या दिवशी हिरवागार गालिचा आला. दहाव्या दिवशी अर्धी रोपं आडवी पडली, बुडाशी धाग्यासारखी बारीक. आईने राख टाकायला सांगितली, टाकली. आणखी पडली. काय चुकलं?
— तुमचा विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : ‘गालिचा’ या शब्दातच उत्तर आहे. गालिचा कशाला हवा होता तुला? मुठीने बी फेकलंस ना? दाट उगवलं, खाली हवा खेळली नाही, नव्या घराचं कौतुक म्हणून तू सकाळ-संध्याकाळ पाणी घातलंस. ओल्या, कोंदट जमिनीत बुरशी रोपाला बुडाशी धरते, याला रोपं कोलमडणं म्हणतात. पडलेलं रोप पुन्हा उठत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नकोस. पडलेली आणि त्यांच्या लगतची चार-चार बोटांतली उभी रोपंसुद्धा काढून टाक. पाणी तीन दिवस बंद. नंतर सकाळीच, मातीचा वरचा थर सुकल्यावर. संध्याकाळचं पाणी रात्रभर अंगावर राहतं.

राखेबद्दल आईला काही बोलू नकोस, पण पुन्हा टाकू नकोस. आपल्या काळ्या जमिनी मुळातच विम्लाकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला झुकलेल्या, त्यात चुना भरपूर. राखही विम्लच. कोकणातल्या आम्ल जमिनीत कोणी टाकली तर एक वेळ समजू शकते. त्यापेक्षा पुढच्या वेळी पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी ट्रायकोडर्मा पावडर (ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) ओलसर जुन्या शेणखतात कालवून सावलीत झाकून ठेव आणि तेच खत खळगीत टाक. ताजं शेण मात्र अजिबात नको.

आता हंगाम आहे, पुन्हा टोक. खळगीत चार बिया. पाचवी टाकलीस तर मला कळेल.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या टमाट्याचं बी पेरलं तर उगवतं का? आमच्या शेजारी म्हणतात, संकरित टमाट्याचं बी वांझ असतं. पाकिटातलं बी महाग, निवृत्त माणसाने काय करावं?
— एक वाचक, धुळे

उत्तर : वांझ नसतं हो, भाऊ. भरपूर उगवतं. फक्त वचन पाळत नाही. संकरित झाडाच्या बिया पेरल्या की प्रत्येक झाड वेगळं निघतं. एकाचं फळ आजोबांवर, एकाचं आजीवर, एखाद्याचं कोणावरच नाही. आई-बापांची रोग सोसायची ताकद काहींना मिळते, काहींना नाही. गंमत म्हणून दोन-चार झाडं करायला हरकत नाही. दरवर्षी स्वतःचं बी धरायचं असेल तर एकदाच सरळ वाणाचं बी आणा. पुसा रुबी आहे, बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास आहे, आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री आहेत. सरळ वाणाचं बी दरवर्षी त्याच चेहऱ्याचं येतं, कारण टमाट्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं.

बी काढायची रीत मात्र नीट करा. तुमचं सगळ्यात निरोगी झाड आधीच हेरून त्याला चिंधी बांधा, नाहीतर घरचे त्याचेच टमाटे आधी चटणीत घालतात. फळ झाडावर पूर्ण पिकू द्या, मऊ पडलं तरी चालेल. गर आणि बिया काचेच्या पेल्यात पिळा, थोडं पाणी घाला, फडकं बांधून ठेवा. बियाभोवती जी बुळबुळीत पिशवी असते तिच्यात उगवण रोखणारं द्रव्य असतं. ते नसतं तर ओल्या टमाट्याच्या पोटातच बी रुजलं असतं. आंबवलं की ती पिशवी सुटते. थंडीत दोन-तीन दिवस, उन्हाळ्यात दीड दिवस पुरे. वर पांढुरकी साय येते, वास येतो, सूनबाई नाक मुरडतात, याचा अर्थ काम झालं. जास्त ठेवलंत तर बी त्या पेल्यातच मोड धरेल. मग चार पाण्यांनी धुवा. पोकळ बिया वर तरंगतात, त्या सोडून द्या. खाली बसलेल्या ताटलीत पसरून सावलीत वाळवा, मधूनमधून हलवा. वर्तमानपत्रावर वाळवू नका, चिकटतात आणि मग बातम्यांसकट पेराव्या लागतात.

घट्ट झाकणाच्या बाटलीत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. थंड कोरड्या जागी टमाट्याचं बी चार-पाच वर्षं टिकतं. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या बाटलीवर एवढा भरवसा टाकू नये. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. सातच्या वर बियांना मोड आले तर बेलाशक पेरा.

आणि एक विचारते, राग मानू नका. तंबाखू मळता का? मळत असाल तर टमाट्याला हात लावण्याआधी साबणाने धुवा. तंबाखूवरचा केवडा रोगाचा (मोझॅकचा) विषाणू हाताने टमाट्यावर जातो. आमच्याकडे हा नियम मी घरातल्या माणसालाही लावला आहे. तंबाखू सुटलेली नाही, पण हात दिवसातून चार वेळा धुतले जातात.

प्रश्न : पारोळा तालुक्यात एकरभर टमाटा करायचा विचार आहे. रोपवाटिकेचा खर्च वाचवून थेट बी टोकलं तर?
— एक शेतकरी

उत्तर : नको. परसातल्या बारा झाडांचं गणित एकराला लावू नका. संकरित बियाणं ग्रॅमवर विकलं जातं आणि जागेवर टोकताना तुम्ही रोपवाटिकेच्या कितीतरी पट बी वापरणार. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सॉस-केचपचे टमाटे अनेक वर्षं यंत्राने थेट पेरूनच होत असत. संकरित बी महाग झालं तसे तेही रोपांकडे वळले. वर महिनाभर एकराला तण, मावा, पांढरी माशी यांच्यापासून जपायचं. ट्रेमध्ये, बारीक जाळीखाली तीच रोपं एका खोलीएवढ्या जागेत सांभाळता येतात. ट्रेमधलं रोप मातीच्या गड्ड्यासकट निघतं, मुळंही फारशी दुखावत नाहीत. रोपं घ्या, पण रोपवाटिकेत स्वतः जाऊन, जाळी फाटलेली नाही ना ते बघून. आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी टमाट्याच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात, त्यात झेंडूचं रोपही पंचवीस दिवसांचं घ्या असं कोणी सांगितलं तर दुरुस्त करा. टमाट्याचं रोप पंचवीस दिवसांचं आणि झेंडूचं चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं लागतं, तेव्हाच दोघांना फुलं एकदम येतात आणि फळ पोखरणारी अळी अंडी घालायला झेंडूकडे वळते.

प्रश्न : आम्ही भुसावळला राहतो. पाकिटावर ‘वर्षभर लागवड’ लिहिलं होतं, म्हणून फेब्रुवारीत जागेवर बी टाकलं. झाडं माझ्या खांद्याएवढी झाली, फुलांनी लदबदली, आणि सगळी फुलं गळाली. खत कमी पडलं का? आता पुन्हा पाकीट घेतलंय.
— एक गृहिणी, भुसावळ

उत्तर : ताई, पाकीट लिहिणारा एप्रिलमध्ये भुसावळला आलेला नसणार. फेब्रुवारीत पेरलं म्हणजे फुलं एप्रिलमध्ये, आणि तेव्हा आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही पंचविशीच्या खाली उतरत नसेल तर टमाट्याचा पराग निकामी होतो. फूल दिसतं, फळत नाही, देठाशी पिवळं होऊन गळतं. तुम्ही वर युरिया टाकला असेल तर झाडाने आणखी पाला केला असेल, खांद्यापर्यंत.

जी थोडी फळं धरली ती लाल न होता पिवळट-केशरीच राहिली असतील. तेही उष्णतेचंच काम. तीस-बत्तीस अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही. अशा वेळी रंग फुटायला लागला की फळ तोडून घरात, माठाजवळच्या गारव्यात ठेवायचं. तिथे ते लाल होतं.

आता घेतलेलं पाकीट या महिन्यात-पुढच्या महिन्यात वापरा. उन्हाळ्यात टमाटे हवेच असतील तर डिसेंबरच्या सुरुवातीला आणखी चार जागी टोका. थंडीत उगवायला दहा-बारा दिवस लागतील, कुरकुर करू नका. ती झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये फळं धरतील आणि धरलेली फळं एप्रिलपर्यंत पुरतील. पश्चिमेच्या बाजूला घोसाळ्याचा मांडव असला तर दुपारचं ऊन अडतं. मे महिन्यात मी स्वतः टमाटे विकत आणते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

प्रश्न : टमाट्याचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. एकीने अंड्याची टरफलं बुडाशी घालायला सांगितली. गेले दोन महिने घालतेय, फरक नाही.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : हा रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. पण आपल्या जमिनीत चुन्याची कमी नाही, कमी आहे ती सारख्या पाण्याची. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी तळं, असं झालं की मुळं चुना वर नेऊ शकत नाहीत. पाणी थोडं थोडं, ठरलेल्या दिवशी द्या आणि बुंध्याशी केळीच्या पाल्याचा नाहीतर दादर ज्वारीच्या कडब्याचा चार बोटं थर द्या. काळं पडलेलं फळ तोडून टाका, पुढची बरी येतील. लांबट, अंड्याच्या आकाराच्या जातींना हे जास्त होतं, पुढच्या वर्षी गोल जात घ्या. टरफलं कुजून जमिनीत मिसळायला वर्षं लागतात. ती चुरून कोंबड्यांना घाला.